जुन्या ट्रॅक्टरचे सुटे भाग : निवड आणि पारख

मृगाचा पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. पूर्वी या दिवसांचा सारा भार बैलजोडीवर आणि पाभरीवर असे. आता तो पुष्कळ गावांत ट्रॅक्टरवर आला आहे. बैल आजारी पडला तर शेजाऱ्याशी सावड करून वेळ निभावता येत असे. ट्रॅक्टर मात्र ऐन वाफशात बंद पडला, तर त्याच दिवसांत गावातील इतर सर्व ट्रॅक्टर आपापल्या शेतांत गुंतलेले असतात आणि भाड्यानेही यंत्र मिळत नाही. यास्तव ट्रॅक्टर वेळेवर चालू असणे हा केवळ यंत्राचा प्रश्न नसून तो पिकाचा प्रश्न होय.

आपल्याकडे वीस, पंचवीस, प्रसंगी चाळीस वर्षांचे ट्रॅक्टर अद्याप कामावर आहेत. त्यांचे कर्ज केव्हाच फिटलेले असते, मालकास त्यांच्या खोडी ठाऊक असतात आणि त्यांची रचना साधी असल्याने गावचा मिस्त्रीही ते उघडू शकतो. असा ट्रॅक्टर मोडीत काढून लाखो रुपयांचा नवा घेणे प्रत्येकास शक्य नाही व आवश्यकही नाही. मात्र त्याची उपयुक्तता एकाच गोष्टीवर अवलंबून असते : झिजलेल्या भागाच्या जागी योग्य मापाचा व चांगल्या प्रतीचा नवा भाग मिळाला पाहिजे. तो कसा ओळखावा व कसा मिळवावा, याचा विचार या लेखात केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने उन्हाळ्यात आपल्या पस्तीस अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन पूर्ण उतरवून घेतले. लायनर, पिस्टन व रिंगा नामांकित कंपनीच्या घातल्या. लायनरच्या खालच्या टोकास पाणी अडविण्यासाठी ज्या रबरी रिंगा असतात, त्या संचात कमी पडल्या म्हणून जवळच्या दुकानातून सुट्या आणल्या. जून महिन्यात पहिल्या पावसानंतर कल्टिव्हेटर जोडला, आणि दुसऱ्याच दिवशी इंजिनातील तेल ताकासारखे पांढुरके झाले. तेलात पाणी उतरले होते. प्रथम हेड पॅकिंगवर संशय घेऊन ते बदलले. दोष तसाच राहिला. अखेर लायनर बाहेर काढला तेव्हा कारण कळले. सुट्या आणलेल्या रिंगांचा घेर बरोबर होता, परंतु रबराची जाडी मूळ रिंगेपेक्षा किंचित कमी होती. ती खाचेत बसली, पण दाबली गेली नाही. म्हणून पाणी अडले नाही.

रिंगा थोड्या रुपयांच्या होत्या. इंजिन पुन्हा उतरविण्याची मजुरी, वाया गेलेले तेल आणि दोन नवी पॅकिंगे मिळून खर्च कितीतरी पटींनी अधिक झाला. त्याहून मोठे नुकसान असे की, या खटाटोपात वाफसा निघून गेला व अर्ध्या शेतातील पेरणी पुढील पावसापर्यंत लांबली. त्या शेतकऱ्याने काटकसर करण्यासाठी निकृष्ट माल घेतला होता असेही नाही. त्याने मोठे भाग निवडून घेतले. लहान भाग मात्र केवळ डोळ्यांनी जुळवून घेतला. चूक तेवढीच होती, आणि ती पुष्कळांच्या हातून होते.

सुट्या भागांचे प्रकार

बाजारात भागांचे दोनच प्रकार असतात, एक ‘ओरिजिनल’ व दुसरा ‘डुप्लिकेट’, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. वास्तविक पुढील प्रकार लक्षात घेतले पाहिजेत.

(१) ट्रॅक्टर कंपनीच्या नावाने, तिच्याच वेष्टनात विकला जाणारा भाग. याची किंमत बहुधा सर्वांत अधिक असते.

(२) ट्रॅक्टर कंपनीस भाग पुरविणाऱ्या कारखान्याचा, त्याच्या स्वतःच्या वेष्टनातील भाग. कोणतीही ट्रॅक्टर कंपनी सर्व भाग स्वतः तयार करीत नाही. बेअरिंग, ऑइल सील, फिल्टर, नोझल, क्लच प्लेट, पिस्टन हे भाग त्या त्या वस्तूंच्या कारखान्यांतून येतात. असा भाग अनेकदा पहिल्या प्रकाराइतकाच चांगला असून स्वस्त पडतो.

(३) स्वतंत्र कारखान्याने बनविलेला पर्यायी भाग. यात उत्तम, मध्यम व निकृष्ट असे सर्व प्रकारचे भाग येतात. येथेच पारखीची खरी गरज असते.

(४) नकली भाग, म्हणजे दुसऱ्याचे नाव व वेष्टन चोरून विकलेला भाग. पर्यायी भाग आणि नकली भाग यांत मोठा फरक आहे. पर्यायी भाग बनविणारा स्वतःचे नाव लावतो व त्याची जबाबदारी घेतो. नकली भाग बनविणारा आपले नाव लपवितो. पहिल्याचा विचार करावा, दुसऱ्याचा कधीही करू नये.

(५) मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचा जुना भाग. याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

मूळ कंपनीचा भाग मिळत असेल तर प्रश्न थोडा सोपा होतो. परंतु तो नेहमीच मिळेल असे नाही. हिंदुस्थान मशीन टूल्स (एच.एम.टी.) या सरकारी कंपनीने पिंजोर येथे, चेकोस्लोव्हाकियातील झेटर ट्रॅक्टरच्या तांत्रिक सहकार्याने, १९७१ साली ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू केले. हे ट्रॅक्टर महाराष्ट्रातही पुष्कळ आले. २०१६ साली केंद्र सरकारने कंपनीचा हा विभाग बंद करण्यास मान्यता दिली. आज त्या ट्रॅक्टरच्या मालकास दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या भागांवरच मुख्यतः अवलंबून राहावे लागते. इतर ट्रॅक्टरांच्या बाबतीत कारखाने चालू असले तरी मालकी व नावे बदलली आहेत. आयशर कंपनीने १९५९ साली फरीदाबाद येथून आपला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. तिचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ साली टॅफे कंपनीकडे गेला. डिझेल पंप व नोझल यांसाठी जुने मिस्त्री आजही ‘मायको’ हे नाव घेतात. १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेली ती कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. म्हणून केवळ जुन्या नावाने भाग मागितल्यास घोटाळा होतो. नाव बदलते, माप व क्रमांक ही अधिक भरवशाची ओळख होय.

प्रथम यंत्राची ओळख

“अमुक कंपनीचा पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे, त्याची क्लच प्लेट द्या,” अशी मागणी दुकानात नेहमी ऐकू येते. एवढ्या वर्णनाने योग्य भाग मिळणे हा योगायोग समजावा. एकाच नावाच्या ट्रॅक्टरमध्ये कंपनीने वेळोवेळी बदल केलेले असतात. यासाठी ट्रॅक्टरच्या मालकाने एक लहान वही करावी व तीत पुढील नोंदी ठेवाव्यात : कंपनी व मॉडेल, उत्पादनाचे वर्ष, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, आणि आजवर बदललेल्या प्रत्येक भागाचे नाव, क्रमांक, माप, दिनांक व त्या वेळचे चालू तास.

ट्रॅक्टर जुना विकत घेतलेला असल्यास चेसिस व इंजिन हे दोन्ही क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावर पाहून नोंदणी पुस्तकाशी ताडून घ्यावेत. जुन्या ट्रॅक्टरमध्ये पूर्वीच्या मालकाने दुसरे इंजिन बसविलेले असणे अशक्य नाही.

असे करण्याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मॅसी फर्ग्युसन व तत्सम ट्रॅक्टरांत पर्किन्स कुळीची तीन सिलिंडरांची इंजिने प्रसिद्ध आहेत. त्यांतील एक ३.१४४ व दुसरे ३.१५२ या नावाने ओळखले जाते. या नावांतच त्यांची ओळख आहे : पहिला आकडा सिलिंडरांची संख्या व पुढील आकडा एकूण घनफळ, घन इंचांत. दोन्हींत पिस्टनची धाव पाच इंच आहे. परंतु पहिल्याचा व्यास ३.५ इंच म्हणजे ८८.९ मि.मी., तर दुसऱ्याचा ३.६ इंच म्हणजे ९१.४४ मि.मी. आहे. शिवाय दोन्हींची ज्वलनाची रीतही भिन्न आहे. “पर्किन्सचा तीन सिलिंडरचा पिस्टन” एवढेच सांगणाऱ्यास दोहोंपैकी कोणताही मिळू शकेल.

झेटरच्या बाबतीत याच्या उलट सोय आहे. त्या कारखान्याने १९६० च्या सुमारास दोन, तीन व चार सिलिंडरांच्या इंजिनांत पुष्कळ भाग समान ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे एका मॉडेलचा भाग दुसऱ्यास चालू शकतो. मात्र पुढील काळात काही इंजिनांचा व्यास वाढविला गेला. सबब “एकाचा दुसऱ्यास चालतो” हे ऐकीव वाक्य मापाने पडताळल्यावाचून मान्य करू नये.

भाग क्रमांक

प्रत्येक ट्रॅक्टरची भागसूची असते. तिला बाजारात ‘पार्ट कॅटलॉग’ म्हणतात. तीत प्रत्येक भागाचे चित्र व क्रमांक दिलेला असतो. आपल्या मॉडेलची भागसूची मिळवून ठेवणे हा एकदाच करावयाचा व कायम उपयोगी पडणारा खर्च आहे. तिच्याविषयी दोन सूचना ध्यानात ठेवाव्यात.

पहिली अशी की, कंपनी एखाद्या भागात सुधारणा करते तेव्हा जुना क्रमांक रद्द करून नवा देते. दुकानदाराने वेगळा क्रमांक दाखविला तर तो भाग चुकीचाच असेल असे नाही. नवा क्रमांक जुन्याच्या जागी आला आहे काय, हे सूचीत दाखविण्यास त्यास सांगावे.

दुसरी सूचना अशी की, ओतीव भागावर उठून दिसणारा क्रमांक हा बहुधा साच्याचा क्रमांक असतो, भागाचा नव्हे. एकाच साच्यातून काढलेले दोन भाग पुढे निरनिराळ्या मापांत कातलेले असू शकतात.

मापे कशी घ्यावीत

भागसूची मिळाली नाही, तरी अनेक भाग मापावरून अचूक मिळविता येतात. यासाठी व्हर्निअर कॅलिपर व फीलर गेज ही दोन साधने पुरेशी आहेत. तरुणांनी ती वापरण्यास अवश्य शिकावे.

बेअरिंग : बॉल बेअरिंगवर कोरलेला क्रमांक हेच त्याचे माप होय. शेवटच्या दोन आकड्यांस पाचाने गुणले असता आतील छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. हा नियम ०४ पासून पुढे लागू पडतो. उदाहरणार्थ ६२०५ या बेअरिंगमध्ये ०५ गुणिले ५ म्हणजे २५ मि.मी. छिद्र, त्याचा बाहेरचा व्यास ५२ व रुंदी १५ मि.मी. असते. ६३०५ चे छिद्रही २५ मि.मी. असते, परंतु बाहेरचा व्यास ६२ व रुंदी १७ मि.मी. होते. यावरून पहिल्या आकड्यांचेही महत्त्व कळून येईल. क्रमांकानंतरची अक्षरेही वहीत उतरून घ्यावीत. झेड-झेड म्हणजे दोन्ही बाजूंस पत्र्याची झाकणे, टू-आर-एस म्हणजे दोन्ही बाजूंस रबरी सील, आणि सी-३ म्हणजे आतील मोकळीक नेहमीपेक्षा अधिक. जेथे उष्णता वाढते तेथे कंपनीने सी-३ दिले असल्यास साधे बेअरिंग घालू नये. तापून फुगल्यावर ते आवळते व लवकर जळते.

ऑइल सील : हिची तीन मापे असतात : आतील व्यास, बाहेरील व्यास व रुंदी. ३५×५२×७ असे लिहिले असता ती मापे याच क्रमाने समजावीत. आतील व्यास झिजलेल्या सीलवर न मोजता शाफ्टवर मोजावा. मापाइतकेच रबराच्या जातीसही महत्त्व आहे. सामान्य नायट्राइल रबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेत टिकते. इंजिनच्या अधिक तापणाऱ्या जागी कंपनीने व्हिटॉनसारखे उष्णतारोधक रबर दिले असेल, तर तेच मागावे. रबर दुकानात पडूनही जुने होते. बोटांनी किंचित वाकविल्यावर बारीक चिरा दिसल्यास अशी सील कितीही नवी दिसली तरी परत करावी.

पट्टा : व्ही-पट्ट्यावरील अक्षर त्याची रुंदी दर्शविते : ए म्हणजे वरची रुंदी १३ मि.मी., बी म्हणजे १७, सी म्हणजे २२. पुढील आकडा लांबीचा, बहुधा इंचांत असतो. बी-५२ च्या जागी ए-५२ घातल्यास तो खाचेत खोल उतरतो, तळाशी टेकतो व घसरत राहतो. दोन किंवा अधिक पट्टे एकत्र चालत असतील तेथे सर्व एकदमच बदलावेत. एक नवा व एक जुना घातल्यास सारा भार नव्यावर येतो.

नट व बोल्ट : ब्रिटिश कुळीच्या जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा इंची आटे, तर झेटर कुळीच्या यंत्रांत मिलिमीटरचे आटे असतात. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मि.मी. जाड असतो, ८ मि.मी. च्या बोल्टपासून तो डोळ्यांनी वेगळा ओळखू येत नाही. परंतु आट्यांतील अंतर भिन्न असल्याने दोन-तीन फेरे सहज जातात व मग तो अडतो. अशा वेळी पान्याने जोर लावून बसविल्यास ओतीव भागातील आटे कायमचे नासतात. नवा बोल्ट हाताने अखेरपर्यंत गेला पाहिजे. डोक्यावरील ८.८ किंवा १०.९ हे आकडे त्याची ताकद दर्शवितात. कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील व चाक यांचे बोल्ट मूळच्याहून कमी ताकदीचे कदापि घालू नयेत. याच्या उलट, अवजारावरील शिअर बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. फण दगडास अडला की तो तुटावा व गिअरबॉक्स वाचावा, हा त्याचा हेतू असतो. तो वारंवार तुटतो म्हणून तेथे पोलादी बोल्ट घालणे म्हणजे दहा रुपये वाचवून गिअर मोडणे होय.

इंजिनचे भाग : क्रँक घासून घेतला असल्यास बेअरिंग शेल त्याच्या नव्या मापाचेच लागतात. ही मापे ०.२५, ०.५०, ०.७५ मि.मी. अशी असतात, इंची मापात मिस्त्री त्यांस ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’ म्हणतात. शेलच्या पाठीवर हे माप उठविलेले असते, ते डब्यावरील मापाशी ताडून पाहावे. पिस्टनची रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतील फट फीलर गेजने मोजावी. व्यासाच्या दर इंचास सुमारे तीन ते चार सहस्रांश इंच हे ढोबळ प्रमाण आहे. त्यानुसार ९५ मि.मी. व्यासास ती सुमारे ०.३ ते ०.४ मि.मी. येते. कंपनीच्या पुस्तकात निराळा आकडा असल्यास तोच प्रमाण मानावा. फट फारच कमी असल्यास इंजिन तापल्यावर टोके एकमेकांस भिडतात व लायनरवर ओरखडे पडतात.

पी.टी.ओ. व जोडणी : ५४० फेऱ्यांच्या पी.टी.ओ. शाफ्टवर सहा खाचा असतात व त्याचा व्यास १ ३/८ इंच असतो. लहान ट्रॅक्टरांच्या, म्हणजे पहिल्या प्रतीच्या जोडणीत खालच्या पिनीचा व्यास २२ मि.मी. व टॉपलिंकच्या पिनीचा १९ मि.मी. असतो; दुसऱ्या प्रतीत हीच मापे अनुक्रमे २८ व २५ मि.मी. होतात. मोठ्या छिद्रात बारीक पिन घालून काम भागवू नये. छिद्र लांबट होते व अवजार डोलू लागते.

कोठे तडजोड नको

पैशाची ओढ प्रत्येकास असते, म्हणून सर्वच भाग सर्वांत महाग घ्यावेत असा सल्ला देणे व्यवहार्य नाही. यासाठी भागांचे तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग जिवाशी संबंधित भागांचा : ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, पुढील चाकाचे बेअरिंग व बोल्ट, ट्रॉलीची पिन, हायड्रॉलिकची नळी, पी.टी.ओ. चे संरक्षक आवरण. येथे पहिल्या दोन प्रकारांचेच भाग वापरावेत. ते न मिळाल्यास, माप व निर्मात्याचे नाव यांची पूर्ण खात्री पटल्यावरच पर्यायी भाग घ्यावा. उसाने भरलेली ट्रॉली उतारावरून येत असता ब्रेकचे लायनर सुटले, तर वाचविलेल्या रकमेस काही अर्थ उरत नाही. ब्रेकचे लायनर दोन्ही चाकांस एकदमच बदलावेत. अन्यथा ट्रॅक्टर एका बाजूस ओढतो. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेकची पायडले खटक्याने जोडलेली असावीत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुफ्फुसांस घातक असते. यासाठी ब्रेकच्या ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

दुसरा वर्ग असा की, ज्याच्या बिघाडाने मोठा भाग नासतो : फिल्टर, ऑइल सील, पॅकिंग, लायनरच्या रबरी रिंगा, पाण्याच्या पंपाची सील. हे भाग स्वस्त असतात, म्हणून यांत काटकसर करण्यात मुळीच लाभ नाही. डिझेल फिल्टरचा कागद निकृष्ट असल्यास बारीक कचरा पंपात व नोझलमध्ये जातो. पंप व नोझल यांची दुरुस्ती तर चाचणी यंत्र असलेल्या कार्यशाळेतच करून घ्यावी.

तिसरा वर्ग मडगार्ड, सीट, बॉनेटचा पत्रा, दिव्याची चौकट इत्यादी भागांचा. येथे स्थानिक कारागिराने केलेला भागही चालतो व पैसा वाचवावयाचा तो येथे वाचवावा.

दुकानातील पारख

जुना भाग पुसून स्वच्छ करून दुकानात बरोबर न्यावा व नवा त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. वजन हातात घेऊन पाहिले तरी पुष्कळ कळते. खाचा, छिद्रे व कडा मोजाव्यात. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास आणि मधल्या खाचांची संख्या दोन्ही जुळली पाहिजेत. पितळी म्हणून दिलेल्या बुशास लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटल्यास आत लोखंड व वर केवळ मुलामा आहे असे समजावे. फिल्टर उजेडासमोर धरून घड्या सारख्या अंतरावर आहेत काय व टोकांस डिंक पूर्ण लागला आहे काय ते पाहावे. बेअरिंगवरील क्रमांक स्पष्ट असावा आणि डब्यावरील क्रमांकाशी जुळावा. पुसट, वाकडी किंवा पुन्हा कोरलेली अक्षरे संशयास्पद होत.

बंद वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे कायद्याने आवश्यक आहे. स्पेलिंगच्या चुका, फिकट छपाई किंवा बाजारभावाहून अतिशय कमी किंमत ही नकली मालाची चिन्हे होत. बिल अवश्य घ्यावे व त्यावर भाग क्रमांक लिहून घ्यावा. बिल नसल्यास सदोष माल परत देण्याचा आधारच उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

जुना भाग घ्यावा काय?

मोडीतील भाग सरसकट टाकाऊ नसतात. ओतीव घरे, गिअरबॉक्सचे झाकण, चाकाची रिम, लिंकचे दांडे यांसारखे भाग तडा नसल्यास खुशाल घ्यावेत. बंद पडलेल्या मॉडेलसाठी तर कधीकधी हाच एक मार्ग असतो. तडा पाहण्यासाठी भाग घासून स्वच्छ करावा, त्यावर डिझेल लावून पुसावे व वर खडूची भुकटी पसरावी. चीर असल्यास तेथून डिझेल झिरपून ओली रेघ उमटते. बेअरिंग, सील, ब्रेकचे लायनर, रबरी नळ्या व कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र जुने घेऊ नयेत. एखादी पिन किंवा बुश लेथवर करून घ्यावयाचा झाल्यास केवळ माप देऊन भागत नाही. मूळ भाग कठीण केलेला होता काय, हे टर्नरला सांगावे. मऊ लोखंडाची पिन थोड्याच दिवसांत झिजते.

हंगामापूर्वीची तयारी

वर दिलेली सारी पारख करण्यास वेळ व शांत चित्त लागते. पाऊस पडून गेल्यावर, वाफसा डोळ्यांदेखत जात असताना, जो भाग मिळेल तो घालण्याकडेच मनाचा कल होतो. म्हणून तपासणी चैत्र-वैशाखातच करावी. फिल्टर, पट्टा, मुख्य ऑइल सील, पाण्याच्या होज-नळ्या, शिअर बोल्ट व लिंच पिना यांचा एक संच घरात ठेवावा. रबरी वस्तू उन्हापासून व डिझेलपासून दूर ठेवाव्यात. बेअरिंग बसविण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातून काढू नये. ज्या गावांत एकाच मॉडेलचे चार-पाच ट्रॅक्टर आहेत, तेथील मालकांनी मिळून भागसूची व मोजमापाची साधने घेतल्यास खर्चही विभागला जाईल आणि अनुभवही. अधिक माहितीसाठी राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या अभियांत्रिकी विभागांचा सल्ला घेता येईल.

थोडक्यात लक्षात ठेवावयाचे ते असे :

१. भाग नावाने न मागता क्रमांकाने व मापाने मागावा.
२. पर्यायी भाग घेण्यास हरकत नाही. नकली भाग मात्र घेऊ नये.
३. ब्रेक, स्टिअरिंग व चाक यांत तडजोड करू नये.
४. स्वस्त रबरी भाग सर्वांत काळजीने निवडावेत.
५. बिल घ्यावे व वहीत नोंद करावी.
६. सर्व खरेदी पावसापूर्वी पुरी करावी.

आरंभी ज्या शेतकऱ्याचा उल्लेख केला, त्याचा तो ट्रॅक्टर आजही चालू आहे. त्याच्या पेटीत आता एक व्हर्निअर असतो, आणि वहीच्या पहिल्याच पानावर लायनरच्या रबरी रिंगेचे माप जाडीसह लिहिलेले आहे. प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरबरोबर अशी एक वही असावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.